संकासुराच्या हातात हेलियमचा फुगा

खाडीकाठचा
परवा इथे कोणीतरी कौतुकाने टाकलं: दशावतारातला संकासुर अंतराळवीराच्या पोशाखात, हातात हेलियमचा फुगा, मागे विजयदुर्ग किल्ला. अशी १२० चित्रं, दशावतारी गंजिफाच्या डावातल्या पत्त्यांइतकी, एनएफटी (चित्राच्या मालकीची डिजिटल नोंद) करून विकायला. वर मखलाशी, ‘सिनेमा नि विज्ञान दोघांची टर आहे, हसा.’ हसलो. पण टर उडवायचे पैसे? आडदशावतारात संकासुर ब्रह्मदेवाची उडवतो, तिकीट न लावता. आणि विकत काय मिळतं, तर ब्लॉकचेन नावाच्या संगणकी साखळीवर एक नोंद. चित्र कोणीही उतरवून घ्यावं. सातबाऱ्यावर नाव तुमचं नि आंबे काढतेय भावकी!

मालवणी मेवा
तिकीट नाय म्हणजे फुकट? मेल्या, दशावतारी मंडळीक बिदागी देवन बोलवतत. ह्या पोरान पोट खंयसून भरूचा? आणि संकासुर वेद चोरता. राइट-क्लिक करून सेव्ह करणारो पयलो तोच!

जमाखर्च
२०२१ मध्ये बीपल नावाच्या चित्रकाराचं एनएफटी चित्र क्रिस्टीजच्या लिलावात ६.९३ कोटी डॉलरला गेलं. ते वाचून माझ्या मेव्हण्याने कंटाळलेलं माकड, म्हणजे ‘बोअर्ड एप’चं एनएफटी चित्र, घेतलं, तेही मूळ दहा हजार चित्रांतलं नव्हे, नक्कल. आज गिऱ्हाईक नाही. नफा झाला असता तर ३० टक्के कर, तोटा मात्र कशातून वजा होत नाही. माकडासाठी पैसे! आमच्या बागेत शहाळी फोडणारी चाळीस आहेत, हवी तर फुकट न्या.

देवगडचो
माकडं राहू देत. घोळ फुग्यात आहे. हेलियमचा शोध लॉकियरसाहेबाने १८६८ च्या ग्रहणात विजयदुर्गावरून लावला असं इकडे सांगतात, पण तो तिथे लागलेला नाही. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणाला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सन गुंटूरला होते. लॉकियर इंग्लंडात, त्यांनी ऑक्टोबरात, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेच्या प्रकाशात हेलियमची ओळख असलेली पिवळी रेघ पाहिली. विजयदुर्गात ते आले १८९८ च्या ग्रहणाला. तोवर रसायनशास्त्रज्ञ रॅम्झींनी खनिजातून हेलियम काढूनही तीन वर्षं झाली होती.

किल्लेकरी
मग किल्ल्यावरचे, दुर्बिणी मांडायचे साहेबाचे ओटे काय तुम्ही बांधलेत? आज्याने बोट धरून दाखवलेत मला. सातवीत त्या ओट्यावर मी हेलियमवर भाषण केलं, बक्षिसाची वही अजून घरात आहे. पुण्यात बसून आमचा शोध पळवू नका.

देवगडचो
पुण्यात नाही, कलमांच्या बागेत बसून लिहितोय. ओटे आहेतच, साल तीस वर्षांनी चुकतंय. कर्नाटकचा आंबा देवगडच्या पेटीत भरला की बोंब मारता. मग इंग्लंडातलं निरीक्षण विजयदुर्गाच्या पेटीत कसं चालतं?

किल्लेकरी
वा, पेटीपर्यंत पोचलात! ठीक, १८९८. वही परत करायला शाळेत जातो उद्या. तुमची खात्री झाली ना, झोपा.

जमाखर्च
शाळेला सांगा, वहीवर ३० टक्के कापून घ्या.

मालवणी मेवा
भांडतास कित्याक? चित्र मोठा करून बगलास काय कोणी? फुग्याची दोरी एसटीच्या तिकिटाक बांदलेली आसा. तिकिटार तारीख २२ जानेवारी १८९८. संकासुर तीस वर्सां उशिरा उतरलो हा. पोरान तुमचीच टर उडवल्यान.

किल्लेकरी
…

खाडीकाठचा
आता पाहिलं. हुशार आहे मेला, मानलं. पैसे तरी देणार नाही. चित्र उतरवून घेतलंय.