यशिकावर पॅनोरामा जमेल का, का सरळ ६×१७ चा कॅमेराच घ्यावा?

घाटातला_सातारकर
मंडळी, मामांचा स्टुडिओ बंद झाला तेव्हा त्यांचा यशिका मॅट १२४ जी (वरखाली दोन लेन्सचा, ६×६ ची चौकोनी निगेटिव्ह देणारा फिल्म कॅमेरा) माझ्याकडं आला, शटर ठणठणीत आहे आणि ब्लॅक अँड व्हाइट रोल मी घरीच धुतो. आता पॅनोरामाचं खूळ डोक्यात शिरलंय. यवतेश्वरच्या घाटातनं खाली सगळं सातारा आणि उजवीकडं अजिंक्यतारा, पण चौकोनी फ्रेममध्ये मावतच नाही, किल्ला धरला की शहर सुटतं. फुजीचा ६१७, म्हणजे एकाच क्लिकमध्ये ६×१७ सेंटिमीटरची लांबट निगेटिव्ह देणारा कॅमेरा, सेकंडहँड बघितला, किंमत वाचून गप बसलो. यशिकावरच तीन फोटो काढून जोडले तर नीट दिसतंय का, का जुगाड कळून येतो? आणि मोबाईलवर काढा असं कृपया कुणी सांगू नका.

जुनी_निगेटिव्ह
जमतंय की. हिशोब बघा. ६×१७ ला १२० च्या (मागं कागद असलेल्या रुंद फिल्मच्या) एका रोलमध्ये चारच फ्रेम येतात, आणि ९० एमएम लेन्स लावली तर आडवा अँगल साधारण ८६ डिग्री. तुमच्या यशिकाची ८० एमएम एका फ्रेमला जवळपास ३९ डिग्री बघते. तीस टक्के ओव्हरलॅप ठेवून तीन फ्रेम घेतल्या की ९० च्या थोडं पुढंच जाताय, आणि बारा फ्रेमच्या रोलमध्ये असे चार पॅनोरामा. म्हणजे रोलच्या हिशोबात दोन्ही सारखेच, निगेटिव्हची लांबी तेवढी थोडी कमी पडते. वर ९० एमएम ला कडा काळवंडतात म्हणून सेंटर फिल्टर (मधला उजेड कमी करणारा) घ्यावा लागतो, तो एक-दीड स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), ते लचांड तुम्हाला नाही.

फक्त लेव्हल ट्रायपॉडच्या पायांपासून साधा, नुसतं वरचं बॉल हेड (कॅमेरा बसतो तो फिरता गोळा) सरळ करून उपयोग नाही, कॅमेरा फिरवला की क्षितिज पायऱ्या पायऱ्यांनी उतरत जातं. तिन्ही फ्रेमला लेन्सचं छिद्र आणि शटर तेच. पोलरायझर फिल्टर घरी ठेवा, आकाश एका बाजूला गडद आणि दुसऱ्या बाजूला फिकट येतं. आणि यवतेश्वरला संध्याकाळी जा, सकाळी ऊन समोरनं तोंडावर येतं.

कृष्णाकाठी
सांगलीकर बोलतोय. दादांचं बरोबर आहे पण जोडणं सगळीकडं चालत नाही हो. चाळकेवाडीला पवनचक्क्यांसमोर करून बघा, दोन फ्रेमच्या मध्ये पातं फिरलेलं असतं आणि नेमकं जोडावर अर्धं पातं लटकतं. तिथं एकाच क्लिकमध्ये घेणारा कॅमेरा पाहिजे.

पण म्हणून फिरत्या लेन्सचा, ते नोब्लेक्स वगैरे, घाईनं घेऊ नका. आमचा आयर्विन पूल घाटावरनं अशा कॅमेऱ्यानं काढला तर सरळसोट पूल मधनं कमानीसारखा वर उचललेला येतो, कारण लेन्स गोल फिरते आणि फिल्मही आत वाकवलेली असते. डोंगराला हे कळत नाही, पुलाला लगेच कळतं. ६१७ मध्ये फिल्म सपाट, रेघ सरळच राहते. जोडताना सुद्धा हगिनमध्ये (फोटो जोडायचं सॉफ्टवेअर) सिलिंड्रिकल निवडलं की पूल वाकतो, रेक्टिलिनियर (सरळ रेघ सरळच ठेवणारं) ठेवा, नव्वदेक डिग्रीपर्यंत कडा फार ताणल्या जात नाहीत.

उगाचच
एवढं कशाला राव? ६×६ ची निगेटिव्ह वरनं-खालनं कापा, ५६×२४ ची पट्टी उरते. एक्सपॅन या पॅनोरामा कॅमेऱ्याची फ्रेम २४×६५ असते, म्हणजे लोक त्या कॅमेऱ्याला लाखात पैसे मोजतात आणि आपण कात्रीनं काम भागवतोय.

घाटातला_सातारकर
@उगाचच कापलं तरी अँगल ३९ च राहतोय ना भाऊ, किल्ला मावणार कसा :) @जुनी_निगेटिव्ह लय आभार. एक अजून, कासला पुढं फुलं आणि मागं डोंगर असा घ्यायचा झाला तर?

जुनी_निगेटिव्ह
तिथं खरी गंमत आहे. यशिकाचा ट्रायपॉडचा स्क्रू बॉडीखाली असतो, लेन्स त्याच्या पुढं. कॅमेरा फिरवला की लेन्स जागेवर न फिरता बाजूला सरकते. लांबच्या शहराला फरक पडत नाही, पण जवळचं फूल मागच्या झाडाच्या तुलनेत हलतं आणि मग जोड बसत नाही. खाली एक सरकणारी पट्टी लावा, कॅमेरा मागं घ्या, खालच्या, म्हणजे फोटो घेणाऱ्या लेन्सचा मधला भाग ट्रायपॉडच्या आसावर आला पाहिजे. तपासायला जवळ एक काठी रोवा, मागं लांबचा खांब, कॅमेरा डावीउजवीकडं फिरवताना दोघं एकमेकांवरनं हलले नाहीत की जागा बरोबर. बघायची लेन्स वर असली तरी आडव्या फिरण्याला चालतं, दोन्ही एकाच उभ्या रेषेत आहेत.

स्कॅन करताना ऑटो एक्स्पोजर बंद करा, नाहीतर तीन फ्रेमला तीन रंगाचं आकाश.

कृष्णाकाठी
आणि यशिकात ३५ एमएमचा रोल ॲडॉप्टर लावून घालून बघा की. फिल्म सपाट दाबणारी मागची प्रेशर प्लेट २२० ला (बिनकागदाच्या रोलच्या खुणेवर) ठेवायची कारण ३५ ला मागं कागद नसतो. या कॅमेऱ्यात फिल्म उभी चालते, त्यामुळं पॅनोरामा उभा येतो, पार फिल्मच्या कडेच्या भोकांपर्यंत. आडवा पाहिजे तर कॅमेराच आडवा करावा लागतो आणि मग वरनं बघायच्या काचेत मान मोडते. पण ठोसेघरच्या धबधब्याला उभाच पाहिजे. रोल मागं गुंडाळता येत नाही, अंधारातच काढायचा.

घाटातला_सातारकर
ठोसेघर उभा! हे डोक्यातच आलं नव्हतं. ॲडॉप्टर बाहेरनं मागवलेला का थ्रीडी प्रिंट करून घेतलेला?

कृष्णाकाठी
प्रिंट केलेला, चार तुकडे. फाईल पाठवतो, तुमच्याकडं कुणी प्रिंट करून देत असेल तर बघा.