मदत हवी आहे: चाचणी चालू असताना जावास्क्रिप्ट बंद होत नाही

निरगाठ: आमच्या संकेतस्थळावरील अर्ज जावास्क्रिप्ट (ब्राउझरमध्ये पानासोबत चालणारा कोड) बंद असतानाही भरता आला पाहिजे, अशी अट आहे. स्वयंचलित चाचणीत लॉगिन झाल्यावर मी जावास्क्रिप्टची सेटिंग बंद करतो, परंतु पानावर काहीच फरक पडत नाही आणि नोस्क्रिप्टमधील (जावास्क्रिप्ट बंद असेल तेव्हाच दिसणाऱ्या भागातील) सूचनाही सापडत नाही. आवृत्ती उद्या प्रसिद्ध करायची आहे, तेव्हा कृपया नेमका उपाय सांगावा.

उंबरा: कोणते साधन, कोणता ब्राउझर आणि सेटिंग नेमकी कोणत्या टप्प्यावर बदलता?

मिताक्षर: ब्राउझर स्वयंचलित चालवणारे प्लेराइट हे साधन वापरावे. त्यात नवा कॉन्टेक्स्ट (ब्राउझरचे वेगळे, स्वतंत्र सत्र) तयार करतानाच जावास्क्रिप्ट बंद ठेवता येते, आणि मी सगळ्या चाचण्या तशाच लिहितो.

निरगाठ: साधन सेलेनियम (हेही ब्राउझर स्वयंचलित चालवते) आणि ब्राउझर क्रोम. ब्राउझर उघडल्यानंतर ऑप्शन्समधील (सेलेनियमने क्रोमला द्यायच्या सेटिंग्जमधील) जावास्क्रिप्टचे मूल्य २, म्हणजे मनाई, असे करतो. लॉगिनच्या पानाला जावास्क्रिप्ट लागते, त्यामुळे ती सुरुवातीपासून बंद ठेवता येत नाही.

उंबरा: मग कारण स्पष्ट आहे. ऑप्शन्स फक्त सत्र सुरू होताना वाचले जातात. नंतर केलेला बदल चालू ब्राउझरपर्यंत पोहोचतच नाही. त्याऐवजी क्रोमच्या डेव्हटूल्स प्रोटोकॉलमधील (चालू ब्राउझरला थेट आज्ञा देण्याच्या मार्गातील) ‘एम्युलेशन डॉट सेटस्क्रिप्टएक्झिक्यूशनडिसेबल्ड’ ही आज्ञा ‘ट्रू’ मूल्यासह पाठवावी आणि त्यानंतर पान पुन्हा लोड करावे. पुन्हा लोड करणे अनिवार्य आहे, कारण जावास्क्रिप्ट चालू असताना वाचलेल्या पानात नोस्क्रिप्टमधला मजकूर निव्वळ अक्षरे म्हणून साठवला जातो, त्यातून घटक तयार होत नाहीत, आणि म्हणून आपला शोध रिकामा परततो.

मिताक्षर: लॉगिनची अडचण प्लेराइटमध्येही सुटते. पहिल्या कॉन्टेक्स्टची साठवलेली स्थिती दुसऱ्याला दिली की कुकीज आणि लोकलस्टोरेज (संकेतस्थळाने ब्राउझरमध्ये साठवलेली माहिती) सोबत येतात.

उंबरा: सेशनस्टोरेज (फक्त त्या टॅबपुरती साठवलेली माहिती) मात्र येत नाही. शिवाय आवृत्ती उद्यावर आली असताना सगळे साधन बदलायला सांगणे मला योग्य वाटत नाही.

तळटीप: माझ्या मते यासाठी ब्राउझरच नको. सर्व्हरने पाठवलेले एचटीएमएल कर्लने (ब्राउझरशिवाय पान मागवणाऱ्या साधनाने) मागवून त्यात अर्जाचा फॉर्म आणि पाठवण्याचे बटण आहे का, एवढे तपासावे.

उंबरा: त्यातून फॉर्म आहे हे कळेल, तो वापरणाऱ्याला दिसतो का, हे कळणार नाही. स्टाइलशीटने बटण लपवले असेल आणि ते दाखवण्याचे काम स्क्रिप्टकडे असेल, तर कर्लची चाचणी उत्तीर्ण होईल आणि माणूस मात्र अडकेल.

निरगाठ: आज्ञा पाठवून पान पुन्हा लोड केल्यावर सूचना सापडली, मनापासून आभार. परंतु अर्जाची पूर्वपाहणी नव्या टॅबमध्ये उघडते आणि तिथे जावास्क्रिप्ट चालूच राहते.

उंबरा: ती आज्ञा ज्या टॅबला पाठवली त्यालाच लागू होते. नव्या टॅबवर गेल्यावर ती पुन्हा पाठवून तेही पान लोड करावे. हीच चाचणी फायरफॉक्सवर चालवायची असल्यास ही आज्ञा उपयोगी पडणार नाही. तिथे ‘जावास्क्रिप्ट डॉट एनेबल्ड’ हे प्रेफरन्स (फायरफॉक्सची अंतर्गत सेटिंग) सत्र सुरू करतानाच ‘फॉल्स’ द्यावे लागेल आणि लॉगिनची कुकी त्या सत्रात स्वतंत्रपणे घालावी लागेल.