भाजावळीला दुपारची बंदी: तुम्ही हात वर करणार का?

कातळकोंडकर
राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावी ग्रामसभेपुढे ठराव येतोय. 15 फेब्रुवारी ते 31 मे, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा काहीही पेटवायचं नाही: राब (भाताची रोपं पेरायच्या जागी रचलेला पालापाचोळा; तो जाळून जमीन भाजणं म्हणजे भाजावळ), पातेरा (गळलेली सुकी पानं), बांधावरचं गवत, काही नाही. इतर वेळी जाळायचं तर आदल्या दिवशी कळवायचं, चार माणसं आणि पाण्याचं पिंप जवळ ठेवायचं. मोडलं तर हजार रुपये दंड. मी हात वर करणार.

कारण गेल्या मार्चमधलं. शेजाऱ्याने मतलय (जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या) वाऱ्याचा अंदाज घेऊन साडेदहाला राब पेटवला. अकराच्या सुमारास मतलय पडला, खारा (समुद्राकडचा वारा) सुटला, आणि जाळ उलटा फिरून डोंगर चढला. ओले टाळ (पाल्याच्या फांद्या) घेऊन झोडपत होतो, पण माणसं किती? तिघं. काजूची कलमं त्या दिवशी नुसती करपल्यासारखी दिसत होती. पंधरा दिवसांनी साली तडकून डिंक गळायला लागला तेव्हा कळलं, गेली. ठिबकच्या नळ्या वितळून काळ्या शेवयांसारख्या पडलेल्या.

वरकसवाला
नुकसान झालं ते वाईटच. पण राब म्हणजे वणवा नव्हे. कवळ (तोडलेल्या फांद्यांचा पाला), पातेरा, शेण थरावर थर घालून वर माती पसरतात, आणि वारा जिकडे जातो त्या टोकाला आग लावतात. मग जाळ वाऱ्याविरुद्ध मुंगीच्या पावलाने सरकतो आणि माती खोलवर भाजते. साडेदहाला पेटवणाऱ्याने खारा येणार हे ओळखायला हवं होतं, एवढंच.

आता तुमची वेळ. पहाटे दवाने पातेरा ओला, अर्धवट भाजतो, गवताचं बी जिवंत राहतं, पुढे बेणणीत (तण काढताना) कंबर मोडते. सहानंतर काळोख. सत्तरीच्या बाईने बॅटरी धरून भाजायचं? आणि पाण्याचं पिंप म्हणे! मेमध्ये आमच्या वाडीला प्यायला टँकर येतो.

सडा_आणि_सावली
राखीव जंगलात आग लावणं 1927 च्या भारतीय वन कायद्याच्या कलम 26 खाली गुन्हाच आहे, वनखातं जाळरेषाही (आग पसरू नये म्हणून मोकळे केलेले पट्टे) काढतं. पण आपल्याकडचे बहुतेक डोंगर खाजगी मालकीचे, तिथे जाळरेषा काढायला कोण येणार? आगीचा मेसेज उपग्रहावरून मोबाईलवर येतो खरा, पण तो उपग्रह दिवसातून काही वेळाच वरून जातो. मधल्या वेळात डोंगर साफ. म्हणून नियम ग्रामपंचायतीनेच करायला हवा.

वरकसवाला
मग विजेच्या तारा घासून ठिणगी पडते तिला दंड कोण करणार? रस्त्यावर बिडी टाकणाऱ्याला? सापडतो तो राबवाला, कारण तो पळून जात नाही.

विरारचा चाकरमानी
वारा पूर्वीही फिरायचा हो काका. पण माझ्या लहानपणी भाजावळीला अख्खी वाडी असायची, पोरंसुद्धा टाळ घेऊन कडेला उभी. आता मी रविवारी सकाळी उतरतो, दुपारी भाजतो, रात्रीच्या गाडीने परत. मदतीला आई. दहा ते सहा बंद म्हणजे माझी शेती बंद.

गादीवाफा
राबच कशाला? दापोलीचं कृषी विद्यापीठ गादीवाफ्यावर (उंच केलेल्या वाफ्यावर) रोपं करा म्हणून सांगून थकलं. नेरळच्या सगुणा भातपद्धतीत तर राबही नाही, चिखलणीही नाही, लावणीही नाही.

वरकसवाला
आणि तणनाशक मारावं लागतं ते? आमच्या चोंढ्याच्या (सखल भातशेताच्या) खाली गावाची विहीर आहे, भाऊ.

कातळकोंडकर
विरारवाल्या दादांचं पटलं. त्या दिवशी आम्ही तीसजण असतो तर कलमं वाचली असती. दहाची वेळ मी सोडणार नाही, खारा कोणासाठी थांबत नाही. पण दंडाचं कलम काढून वाडीवार दिवस ठरवू. त्या दिवशी उजाडल्यावर दव सुकलं की सगळ्यांनी मिळून एकेकाचा राब भाजायचा, दहाला बंद. एका दिवसात उरकला नाही तर पुढच्या रविवारी.

विरारचा चाकरमानी
रविवार धरलात तर माझा हात वर.

वरकसवाला
बघू. आधी पिंप कोण उचलून नेणार ते लिहून घ्या. आमच्या वरकसावर (डोंगरउतारावरच्या जमिनीवर) गाडी जात नाही.