मदत हवी आहे: आतड्यातले अ‍ॅनएरोब (ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू) जारमध्ये वाढेनात (मुंबई, ऐन पावसाळा)

नमस्कार मंडळी. एमएस्सी मायक्रोबायोलॉजीचा प्रोजेक्ट चालू आहे, विष्ठेच्या नमुन्यातून आतड्यातले जिवाणू वेगळे करायचे. (एथिक्स कमिटीची परवानगी आहे, त्यावर चर्चा नको.) बॅक्टेरॉइड्स भरभरून येतात. घोडं अडलंय फीकॅलीबॅक्टेरियम प्राउस्नित्झी या जिवाणूपाशी.

अ‍ॅनएरोबिक चेंबर (ऑक्सिजन नसलेली बंद पेटी) आमच्या कॉलेजच्या बजेटबाहेर. हायड्रोजनवाला गॅसपॅक (जारमध्ये हायड्रोजन सोडणारी पुडी), जुना जार आणि झाकणाखाली पॅलेडियमचा कॅटॅलिस्ट, एवढ्यावर कारभार. मीडियम (जिवाणूंचं खाद्य) वायसीएफए नावाचं, त्यात सिस्टीन लिटरला १ ग्रॅम, हेमिन, रेझाझुरिन (ऑक्सिजन लागला की गुलाबी होणारा रंग). ऑटोक्लेव्हमधून निघताना मीडियम रंगहीन असतं, प्लेट ओतेपर्यंत गुलाबी होतं. जारमध्ये रात्रभर ठेवल्यावर तो गुलाबी जायला हवा, उन्हाळ्यात जायचाही. जुलैपासून मात्र जातच नाही.

नमुना आधी ७० टक्के इथेनॉलमध्ये ठेवून बघ, असं एका सिनिअरने सुचवलंय. करू का? आणि जारचं काय करू?

प्रतिसाद १
इथेनॉल अजिबात नको! त्यात फक्त बीजाणू तगतात, आणि प्राउस्नित्झी बीजाणू करत नाही. हवा तोच मारून टाकशील.

जारबद्दल: पॅलेडियमवर हायड्रोजन आणि ऑक्सिजनचं पाणी होतं, म्हणून जारच्या भिंतीला आतून घाम येणं चांगलंच. तो येतोय का ते बघ. नसेल, तर कॅटॅलिस्टने दमट हवेत ओल धरली असणार. प्रत्येक वापरानंतर १६० अंशांवर दोन तास ओव्हनमध्ये ठेव, पुढच्या वेळेपर्यंत डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात). जारला कुजक्या अंड्याचा वास येत असेल तर हायड्रोजन सल्फाइडने कॅटॅलिस्ट कामातून गेलाय, नवा घे.

प्रतिसाद २
वरचं सगळं बरोबर, पण जार कितीही चकाचक केला तरी स्ट्रीकिंग (नमुना प्लेटवर पसरवणं) टेबलावरच करणार ना? प्राउस्नित्झी प्लेटवर उघडा पडला की काही मिनिटांत मरतो. बॅक्टेरॉइड्स तेवढं सोसतात, म्हणून तेच दिसताहेत. हंगेट ट्यूब वापर. रॉबर्ट हंगेटने गाईच्या रुमेनमधल्या (पोटाच्या पहिल्या कप्प्यातल्या) जिवाणूंसाठी ही पद्धत बसवली तेव्हा चेंबर कुठे होते? मीडियम उकळून कार्बन डायऑक्साइडच्या झोताखाली भरायचं, रबरी बूच लावायचं, मग सगळं सिरिंजनेच.

मूळ धागाकर्ता
दोघांचेही आभार. घाम अजिबात नव्हता! कॅटॅलिस्ट ओव्हनमध्ये टाकलाय. कलिना-परळ भागात कुणाकडे थोड्या हंगेट ट्यूब उसन्या मिळतील का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी न्यायला येईन.