आत 'डीजे' वाजतोय आणि डॉक्टर म्हणतात संशोधनात भाग घ्या. सही करू का?

मंडळी, मदत हवी आहे. विषय जरा अवघड जागेचा आहे, सांभाळून घ्या.

वय ४७, शाळेत शिक्षक. बीपीची एक गोळी रोज सकाळी चालू. डाव्या मूत्रवाहिनीत ९ मिमीचा मुतखडा अडकला होता, तो मागच्या गुरुवारी दुर्बिणीतून लेझरने फोडला. सूज उतरेपर्यंत वाट बंद होऊ नये म्हणून आत डीजे स्टेंट ठेवलाय, तीन आठवड्यांनी काढणार. नळीची दोन्ही टोकं इंग्रजी 'जे'सारखी वळलेली, एक मूत्रपिंडात आणि एक मूत्राशयात, म्हणून डबल जे. मेव्हण्याला सांगितलं तर म्हणतो, "वरातीत लावतात तोच ना?" हसायला आलं, पण हसलं तरी ओटीपोटात कळ येते.

खड्याच्या कळा बऱ्या होत्या असं म्हणणार नाही, त्या रात्री मी फरशीवर लोळत होतो. पण हा त्रास वेगळाच. शाळेचा एक तास धड निघत नाही. फळ्यावर गणित अर्धं टाकून पळतो, तर चार थेंब. आणि नेमकं लघवी करतानाच डाव्या कुशीत, बरगडीखाली, कुणी आतून वर पिचकारी मारल्यासारखं दुखतं. स्कूटरवर दोन स्पीडब्रेकर झाले की लघवी परत कोकम सरबताच्या रंगाची. घरी सोडताना "थोडं जळजळेल" एवढंच सांगितलं होतं. थोडं!

काल तपासणीला गेलो तर एका निवासी डॉक्टर मॅडमनी बाजूला बसवून विचारलं, अभ्यासात येता का? स्टेंटच्या त्रासावर दोन गोळ्यांची तुलना आहे, टॅमसुलोसिन आणि मिराबेग्रॉन. कुणाला कोणती ते संगणक ठरवणार, आणि शेवटपर्यंत ना मला कळणार ना त्यांना. सोबत एक लांबलचक प्रश्नावली दिली. रात्री किती वेळा उठता, कुठे दुखतं, कामाचे किती दिवस बुडाले. वाचताना वाटलं, चला, कुणीतरी हे विचारलं. पुढच्या पानावर शरीरसंबंधांचे प्रश्न निघाले आणि शेजारी सौ. बसलेली. दोघंही खिडकीबाहेर बघत बसलो.

प्रश्न असे: हा त्रास सगळ्यांनाच होतो का? आणि सही करू का? आई म्हणते, "उंदीर करतील तुला."

---

तिसरा_खडा:
सर, मला तीनदा स्टेंट पडलाय, त्यामुळे अनुभवाने सांगतो. पहिले चार-पाच दिवस सगळ्यात वाईट, मग उतरत जातं. लघवी तुंबवू नका, जोर करू नका, पाणी भरपूर प्या. ते तीन आठवडे स्कूटर मुलाला द्या. उंदीर वगैरे काही नाही.

दुर्बीणवाला:
मी मूत्रविकारांचाच डॉक्टर आहे, पण तुम्हाला तपासलेलं नाही, हे लक्षात ठेवून वाचा.

मूत्रवाहिनी मूत्राशयात शिरते तिथे एकतर्फी झडपेसारखी रचना असते. स्टेंट ती उघडी ठेवतो. मूत्राशय आवळलं की दाब नळीतून उलटा मूत्रपिंडापर्यंत जातो, तुमची 'पिचकारी' ती. सारखी लागल्यासारखं होतं ते खालचं वळलेलं टोक मूत्राशयाच्या तळाला घासतं म्हणून. डबल जे स्टेंट १९७८ पासून आहे, पण रुग्णाला नेमकं काय होतं हे नीट मोजणारी प्रश्नावली ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी २००३ मध्ये आणली. बहुधा तीच तुमच्या हातात आहे. त्यांच्या पाहणीत ८० टक्क्यांच्या आसपास रुग्णांनी रोजचं जगणं बिघडल्याचं सांगितलं होतं. म्हणजे तुम्ही नाजूक वगैरे नाही.

टॅमसुलोसिन मूत्रवाहिनीचा खालचा भाग आणि मूत्राशयाचं तोंड सैल करतं. मिराबेग्रॉन मूत्राशयाचा स्नायू शांत करतं. दोन्ही आधीपासून वापरात आहेत, म्हणून तुलना रास्त वाटते. कल्पना चांगली असली की औषध चालतंच असं नाही. वेदनाशामक औषध मुरवलेला स्टेंट बनवून पाहिला होता, २०१० मध्ये निकाल आला तेव्हा मुख्य मोजमापात साध्या स्टेंटपेक्षा फरक दिसला नाही. चाचण्या याचसाठी करायच्या.

तुमच्या बाबतीत अडतं ते बीपीवर. मिराबेग्रॉनने बीपी वाढू शकतं, टॅमसुलोसिनने उठताना चक्कर येऊ शकते आणि वीर्यस्खलनात बदल होतो. गोळीचं नाव आणि गेल्या महिन्याचे आकडे मॅडमना दाखवा. बीपी आटोक्यात नसेल तर त्यांनीच नाही म्हणायला हवं. सही करण्याआधी विचारा: नैतिकता समितीची मंजुरी आहे का, सीटीआरआयचा (देशातल्या अशा चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक काय, संमतीपत्राची प्रत मला मिळेल का, त्रास झाला तर उपचार कोण करणार, आणि असह्य दुखलं तर वेगळी वेदनाशामक गोळी घेता येईल का. मधेच बाहेर पडलात तरी नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत.

थंडी वाजून ताप, लघवी पूर्ण बंद किंवा रक्ताच्या गाठी दिसल्या तर इथे लिहीत बसू नका, थेट रुग्णालयात जा.

माहेरवाशीण:
एकच सांगते. स्टेंट काढायची तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा. आमचे सासरे त्रास थांबला म्हणून गेलेच नाहीत. वर्षाने काढायला गेले तर नळीवरच खडे साचलेले, परत भूल, परत लेझर.

---

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. बीपीची वही घेऊन गेलो होतो. १३२/८४ बघून मॅडम चालेल म्हणाल्या. पाचही प्रश्न विचारले, त्यांनी नोंदणी क्रमांक स्वतः मोबाइलवर उघडून दाखवला. एक गोष्ट तिथेच कळली: प्रश्नावली घरी एकट्याने भरून आणली तरी चालते. हे आधी सांगितलं असतं तर!

सही केली. डबीवर औषधाचं नाव नाही, नुसता ०३१. आईने ती देवासमोर ठेवली आहे. रात्री पाच वेळा उठलो, तेवढं प्रामाणिकपणे लिहिलं. २४ तारखेला डीजे बंद.