एसक्यूलाइट करप्ट झाली की दोष तिचाच का?

कोल्हापुरी_कोडर
"दोन प्रोसेस एका एसक्यूलाइट फाइलवर गेल्या की ती करप्ट होणारच, खेळणं आहे ते, सरळ पोस्टग्रेस टाका." कालची ही पोस्ट वाचून डोकंच फिरलं. अरे, एसक्यूलाइट म्हणजे सर्व्हरशिवाय एका फाइलीत चालणारा डेटाबेस, पोस्टग्रेस सर्व्हरवाला; पण लॉकिंग आहे की एसक्यूलाइटमध्येही! एका वेळी एकच प्रोसेस (चालू प्रोग्रॅम) लिहिते, दुसरीला 'डेटाबेस इज लॉक्ड' मिळतं. ती एरर म्हणजे करप्शन नव्हे, करप्शन होऊ नये म्हणून लागलेला लाल सिग्नल आहे तो. बिझी टाइमआउट, म्हणजे लॉक सुटायची वाट बघायची मुदत, मुळात शून्य असतो, तो पाच सेकंद करा. ट्रान्झॅक्शन नुसत्या बिगिनने सुरू करून आधी वाचून मग लिहायला गेलात तर टाइमआउट असूनही लगेच बिझी येऊ शकतं, तिथे बिगिन इमिजिएट वापरा, ते लिहायचं लॉक सुरुवातीलाच घेतं. 2010 पासून वॉल मोड आहे (बदल आधी वेगळ्या वॉल फाइलमध्ये जातात), तो लावला की लिहिणाऱ्यामुळे वाचणारे अडत नाहीत. यातलं काही करायचं नाही आणि वर शिव्या द्यायच्या?

पोस्टग्रेसवाला
पोस्ट माझीच आहे आणि मी ठाम आहे. एका गिऱ्हाइकाकडे बिलिंगची चार मशीन, फाइल शेअर्ड फोल्डरवर, दिवाळीच्या ऐन गर्दीत 'डिस्क इमेज इज मालफॉर्म्ड', म्हणजे फाइल करप्ट. दुकानात रांग आणि मी रिकव्हरी करत बसलेलो. तेव्हा कुठे गेलं होतं तुमचं लॉकिंग?

कोल्हापुरी_कोडर
शेअर्ड फोल्डर म्हणालात, विषय संपला. लॉक ती फाइल सिस्टिमकडे मागते. नेटवर्कवरच्या फाइल सिस्टिमनेच दोघांना 'घे, मिळालं' सांगितलं तर दोघंही लिहिणार. वॉल तर तिथे चालतच नाही, शेअर्ड मेमरी लागते त्याला, म्हणजे सगळ्या प्रोसेस एकाच मशीनवर हव्यात.

सातारी_सिसॲडमिन
लॉकचं राहू द्या हो, मला छळलंय ते बॅकअपवाल्यांनी. क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप) चालू फाइल सरळ सीपी, म्हणजे साधी कॉपी, करतात, कॉपी अर्ध्यावर असताना कुणीतरी कमिट करतं, म्हणजे बदल पक्का करतं, मग कॉपीत काही पानं जुनी काही नवी, आणि हे कळतं कधी तर रिस्टोअर करायची वेळ आल्यावर! दुसरे ते डिस्क भरली म्हणून 'टेम्प दिसतेय' म्हणत वॉल फाइल उडवणारे. अहो, कमिट झालेला पण मुख्य फाइलमध्ये अजून न गेलेला डेटा असतो तिच्यात!

पोस्टग्रेसवाला
मग बॅकअप काय दुकान बंद करून घ्यायचा?

सातारी_सिसॲडमिन
बॅकअप कमांड आहे, व्हॅक्यूम इन्टू आहे, दोन्ही चालू डेटाबेसवर चालतात. नंतर कॉपी धड आहे का बघायला तिच्यावर इंटिग्रिटी चेक मारा. आणि कॉपी झाली म्हणजे बॅकअप झाला असं मला कुणी सांगू नका.

फोर्कवाली
फोर्कचं, म्हणजे एका प्रोसेसने (पॅरेंट) स्वतःची दुसरी प्रत (चाइल्ड) काढण्याचं, कुणीच बोललं नाही. पॅरेंटमध्ये उघडलेलं कनेक्शन चाइल्डमध्ये वापरायचं नसतं. आणि लिनक्सवर त्याच प्रोसेसमधल्या दुसऱ्या कोडने ती फाइल नुसती उघडून बंद केली तरी त्या प्रोसेसची त्या फाइलवरची सगळी लॉक्स सुटतात. आमच्याकडे एकाने चेकसम (फाइल बदलली का ते कळायचा आकडा) काढायला नेमकं हेच केलेलं, आणि रिव्ह्यूत बोलले तर 'एवढं कोण बघतं' म्हणे!

पोस्टग्रेसवाला
बघा, किती पथ्यं! पोस्टग्रेसमध्ये फाइलला हात फक्त सर्व्हर लावतो, क्लायंट कितीही येऊ देत.

कोल्हापुरी_कोडर
चार मशीन असतील तर पोस्टग्रेसच लावा, कोण नको म्हणतंय. पण गावातल्या दूध संकलन केंद्रावर एकच पीसी, एक प्रोग्रॅम काट्यावरून लिटर घेतो, दुसरा पावती छापतो. तिथे सर्व्हर कोण सांभाळणार, सचिव?

पोस्टग्रेसवाला
बरं, एका मशीनपुरतं मान्य. 'होणारच' मागे घेतो, बाकीचं नाही.

सातारी_सिसॲडमिन
त्या गिऱ्हाइकाचा बॅकअप सध्या कसा घेताय, ते नाही सांगितलंत अजून.