सेंद्रिय तूरडाळ दुकानात ठेवायची तर पुरवठादाराकडून काय तपासून घ्यावं?

किराणा_नाशिक: आमचं किराणा दुकान आहे. सेंद्रिय डाळी आणि गूळ ठेवायचा विचार आहे. एका व्यापाऱ्याने प्रमाणपत्राची झेरॉक्स दिलीय, तूरडाळ मात्र पोत्यातून देणार म्हणतो. झेरॉक्सवर विसंबून माल उतरवावा का?

खरेदीवाली_पुणे: दादा, नका उतरवू. मी एका दुकानाची खरेदी बघते, तेव्हा हे कागद रोज हातात असतात. तुम्हाला मिळालंय ते बहुधा स्कोप सर्टिफिकेट. अमुक गट किंवा गिरणी अमुक पिकांसाठी प्रमाणित आहे, एवढंच त्यावरून कळतं. दारात आलेलं पोतं त्यांचंच आहे, हे नाही कळत. त्यासाठी टीसी, म्हणजे ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट मागा. एनपीओपी, म्हणजे सेंद्रिय प्रमाणनाची राष्ट्रीय योजना; तिच्यात ते अपेडा या सरकारी संस्थेच्या ट्रेसनेट या ऑनलाइन नोंदप्रणालीवर निघतं. त्यावर विकणारा, घेणारा, लॉट आणि वजन असतं. वजन नीट बघा. 500 किलोच्या टीसीची झेरॉक्स दाखवून दहा दुकानांत डाळ खपवता येते, म्हणून त्याच टीसीवर आधी किती माल गेला हे मी विचारतेच. उत्तर द्यायला कां कूं केली की व्यवहार थांबवते.

स्कोपवरची मुदत आणि पिकांची यादीही वाचा. आमच्याकडे एकाच्या यादीत हरभरा होता, मूग होता, तूर नव्हतीच. डाळ परत पाठवली.

शेतकरी_यवतमाळ: आमच्या गटाचं पीजीएस, म्हणजे सहभागातून होणारं प्रमाणन आहे. त्यात गटातले शेतकरीच एकमेकांची शेतं तपासतात. कागदावर पीजीएस-ग्रीन असेल तर जमीन अजून रूपांतराच्या काळात आहे, म्हणजे पूर्ण सेंद्रिय व्हायची आहे; पूर्ण सेंद्रियला पीजीएस-ऑरगॅनिक. आणि वर्षाची उलाढाल 12 लाखांच्या आत असेल तर प्रमाणपत्राशिवाय विकायची सवलत आम्ही थेट गिऱ्हाइकाला विकलं तरच. दुकानातून विकताना ती सांगून कुणी माल देत असेल तर घेऊ नका.

किराणा_नाशिक: लॅबचा रिपोर्ट पुरेल का?

खरेदीवाली_पुणे: एकटा नाही पुरत. कीटकनाशकाचा अंश साध्या मालाच्या मर्यादेच्या 5 टक्के किंवा यंत्राला मोजता येईल ती पातळी, यातलं जे जास्त असेल त्याच्या आत हवा. पण रिपोर्टवरचा लॉट नंबर पोत्यावरच्याशी जुळला तरच तो तुमच्या डाळीचा. युरिया टाकला होता का, हे त्या चाचणीत दिसत नाही. ते शेतावरच्या तपासणीतच कळतं.

पोतं फोडून स्वतःच्या नावाची पाकिटं करणार असाल तर पॅकिंगसाठी तुम्हालाच प्रमाणपत्र लागेल. सुरुवातीला 'जैविक भारत'चं चिन्ह असलेली बंद पाकिटंच घ्या. ती साध्या डाळीपासून वेगळी मांडा, एफएसएसएआय, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2017च्या नियमांत तसं स्पष्ट आहे.